थिबा राजाचा मुक्काम नव्या लॅपटॉपात

मिसिसागा, कॅनडा
23 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,


मेल सापडले. सगळे. तेव्हा सुताराच्या पोरावर, केबलवाल्यावर आणि जावयावर घेतलेला संशय आता मागे घ्यावा. पावसाळ्यात कॉम्प्युटरचा मदरबोर्ड मेला, हार्डडिस्क धडधाकट आहे. ज्या दुकानदारानं "डाटा गेला असं समजा" म्हणून सांगितलं, त्याच्याशी भांडायला जाऊ नका. नवा लॅपटॉप त्याच्याकडूनच घेतलाय, वॉरंटी अजून त्याच्या हातात आहे.

कागदावर लिहितेय, कारण डिस्क घेऊन काकू येताहेत आणि चिठ्ठी त्याच पाकिटात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींच्या वर काही आलं की तुम्ही फॉरवर्ड समजून पुसता, हे आईनं सांगितलंय. दिवाळीत येताना डिस्क चकल्यांच्या डब्यात ठेवली होती. मुंबईच्या विमानतळावर डबा उघडायला लावला, दोघांनी चकल्या नीट निरखल्या, डिस्ककडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता तुमची मागणी. "मला ते निळ्या बाणांचं पाकीट हवं. तेच. दुसरं काही दाखवू नको." बाबा, तुमच्या त्या आउटलुक एक्स्प्रेसच्या घराण्याचा इतिहास एकदा ऐकाच. एक्सपीबरोबर ते तुमच्या टेबलावर आलं. 2007 च्या व्हिस्टात त्याचं नाव विंडोज मेल झालं. 2009 मध्ये विंडोज 7 आलं आणि मेलचा प्रोग्रॅमच गायब. त्याच्या जागी लाइव्ह मेल होतं, त्याची देखभाल जानेवारी 2017 मध्ये बंद. विंडोज 10 मधलं 'मेल' 31 डिसेंबर 2024 ला निवृत्त. या घराण्यात कुणाची साठीशांत होत नाही. आणि तुम्ही म्हणता, माझंच तेवढं का बंद पडलं!

विंडोज 7 च्या वेळचा खटाटोप आठवतोय ना? प्रोग्रॅम खरं तर काढलेलाच नव्हता. 'विंडोज मेल' नावाचा फोल्डर डिस्कवर होता, आत विनमेल डॉट ईएक्सई होती, पण टिचकी मारली की ढिम्म. जगभरच्या तुमच्यासारख्या हट्टी लोकांनी शोध लावला की व्हिस्टातली एमएसओई डॉट डीएलएल ही एकच फाइल आणून तिथे ठेवली की मेलं उठून बसतं. मी तुम्हाला फोनवर सांगत होते, तुम्ही फाइल ठेवायला गेलात तर कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही. मालक कोण बघितलं तर ट्रस्टेडइन्स्टॉलर. त्यावर तुम्ही जे बोललात ते आमच्याकडे अजून घरगुती म्हण म्हणून चालतं: "यंत्र माझं, वीजबिल मी भरतो, आणि सातबाऱ्यावर नाव याचं? हा कुळकायद्यात कधी घुसला?" मग टेकओन नावाची कमांड देऊन आपण फेरफार करून घेतला, फाइल बसवली आणि पाकीट उघडलं. तुम्ही त्या दिवशी आळीत सांगून आलात की मायक्रोसॉफ्टनं बंद केलेलं मी चालू केलं. मी फोनवर होते ही गोष्ट वाटेत गळली.

त्या खटाटोपाचा फायदा आत्ता झाला. आउटलुक एक्स्प्रेस एका फोल्डरचे सगळे मेल एकाच डीबीएक्स फाइलीत कोंबायचं. ती फाइल दोन जीबीच्या आसपास फुगली की अख्खा इनबॉक्स धोक्यात. विंडोज मेल मात्र प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल करतं. नावं वाचवत नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं, पण फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. इथे डिस्क जोडली आणि फाइलींची रांगच्या रांग दिसली. हे म्हणाले, "सगळं क्लाउडवर टाकून मोकळी हो." मी म्हटलं, बाबांना ते चालणार नाही. मेल म्हणजे आपल्या घरात, आपल्या डिस्कवर, नेट गेलं तरी उघडणारी वस्तू, हा तुमचा हेका. पूर्वी मी हसायचे. पण आमच्या ओळखीच्या एकांचं खातं परवा कुलूपबंद झालं आणि पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार पलीकडे राहिला. आता हसत नाही.

म्हणून नव्या मेलसाठी थंडरबर्ड. मोझिलाचं आहे, फुकट आहे, 2004 पासून टिकून आहे आणि मेल तुमच्याच डिस्कवर ठेवतं. या ईएमएल फाइली मी त्यात घातल्यात. पाकिटाऐवजी निळा पक्षी दिसेल, तेवढं सोसा. आत शिरताना मेल कंपनीचं स्वतःचं पान उघडेल, तिथेच पासवर्ड द्यायचा. पासवर्ड कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहू नका. गेल्या खेपेस आईनं त्यातली शेवटची दोन अक्षरं अर्धा लिटर समजून बिलात धरली होती.

एवढ्यावर भागलं असतं, पण तुमचा शिवाजी फॉन्ट आडवा आला. तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायचा. युनिकोडात प्रत्येक मराठी मूळाक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्या फॉन्टात तसं काही नव्हतं. फॉन्ट असला तर 'चि. बाळीस अनेक आशीर्वाद', नसला तर कंस, टक्के आणि डॉलर. थंडरबर्डमध्ये तुमची जुनी पत्रं उघडली तर वाटलं, तुम्ही मला एकामागून एक शिव्याच घातल्यात. फॉन्ट घातला तरी काही जोडाक्षरं पडलीच.

तेव्हा तुमचा हट्ट पुरवला. ट्रंकेतली एक्सपीची सीडी आणली होती, बुरशी पुसल्यावर चालली. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर तयार करतो. त्यात एक्सपी बसवलं, एक्सपीत शिवाजी फॉन्ट, आणि समोर निळ्या बाणांचं पाकीट. जुने मेल त्यात ओढून टाकले. सगळं अक्षरन्‌अक्षर स्वच्छ. नेटची जोडणी मात्र मी तोडलीय, कारण एक्सपीची सुरक्षेची डागडुजी 8 एप्रिल 2014 ला थांबली. वाचायचं, हवं तर छापायचं, बाहेर पडायचं नाही. म्हणून त्या यंत्राचं नाव 'थिबा' ठेवलंय. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये राजवाडा बांधून दिला, आणि 1916 मध्ये तो तिथेच गेला. राज्य नाही, पण इतमाम होता. तुमच्या पाकिटाचंही तसंच चाललंय. ह्यांचं म्हणणं, राजवाडा बांधायला इंग्रजांना माझ्याहून कमी वेळ लागला असेल.

आईला एक गंमत सांगा. युडोरा म्हणून असाच एक मेलचा प्रोग्रॅम होता. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी 1988 मध्ये लिहिलेला. नाव ठेवलं युडोरा वेल्टी या लेखिकेवरून, कारण तिची एक गोष्ट आहे, घरच्यांशी भांडून सामानसुमानासकट पोस्टात राहायला गेलेल्या पोरीची. क्वालकॉमनं तो 2006 मध्ये बंद केला, पण 2018 मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. फोनवर हे सांगितलं तेव्हा आई अर्धंच ऐकून म्हणाली, "मग ह्यांनापण नेऊन ठेवा पोस्टात." नेट चालू होतं, स्पीकरही चालू होता, तुम्ही ऐकलंत ना?

कृती अशी: दादाला बोलवा, आधी लॅपटॉपात व्हर्च्युअलबॉक्स बसवून घ्या. डिस्क लावा. थिबा नावाची एकच मोठी फाइल आहे, तिच्यावर दोनदा टिचकी. 'इंपोर्ट' म्हणेल, हो म्हणायचं. मग चहा घ्या, वेळ लागतो. मध्ये लाइट गेली तर डिस्क उपटू नका. इनव्हर्टर लावून मगच सुरुवात करा. आणि जुनी डिस्क कपाटात ठेवा, माळ्यावर नको, पुन्हा बुरशी.

काकू परत येताना त्यांच्याबरोबर आगळाची एक बाटली पाठवा. दोन पाठवल्यात तर ह्यांचा थिबावरचा राग जाईल.

ता. क. महत्त्वाचं राहिलंच. ड्राफ्ट्समध्ये वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहिलेली पण न पाठवलेली तुमची बरीच पत्रं आहेत, ती तशीच ठेवलीत. भाषा भारी आहे. पण आउटबॉक्समध्ये 2008 चा एक मेल अडकून बसलाय, काकांना लिहिलेला, कुंपणावरच्या फणसाबद्दल. फणसाचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो मोठ्या आकारात जोडल्यामुळे तो मर्यादेबाहेर गेला आणि निघालाच नाही. काकांना तो कधी मिळाला नाही, म्हणजे सतरा वर्षं तुम्ही ज्या उत्तराची वाट बघत अबोला धरलात, ते येणारच नव्हतं. नेट तोडलेलं आहे, त्यामुळे आपोआप जाणार नाही. पाठवू, की पुसू, की नुसता फणसाचा एक फोटो पाठवू, ते लवकर कळवा. काका-काकू पुढच्या महिन्यात आमच्याकडेच उतरताहेत.

तुमची,
बाळी