गॅरेजची घटमांडणी

भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत सांगतात. आमच्या गॅरेजवाल्या भाऊंना रात्रभर थांबावं लागत नाही. बॉनेट उघडलं की भाकीत तयार. आधी ‘क्लचप्लेट गेली’, मग ‘प्रेशरप्लेट’, शेवटी ‘तुमची चालवायची पद्धतच चुकीची!’ भाकीत बदललं तरी पैसे प्रत्येक वेळी नवे. जुने पार्ट मागितले तर, ‘भंगारवाला आत्ताच घेऊन गेला ना भाऊ!’

परवा गाडी राजूर घाटात पुन्हा बसली. शेजारून एसटी निवांत निघून गेली (तिला मी खटारा म्हणायचो). भाऊंची तक्रार करायची म्हटली, तर ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रारीला मुदत २ वर्षं. पण माझ्याकडे पुरावा म्हणून सिगारेटच्या पाकिटावरचा हिशेब आहे. पक्कं बिल घ्या, बाप्पा!