कवितेतली आवड कशी ठरवावी : बीड जिल्ह्यातल्या होतकरूंसाठी

कविता लिहायला लागून चार-दोन महिने झाले की कुणीतरी विचारतंच, "तुमचा प्रकार कोणता?" उत्तर तयार नसेल तर तालुक्याच्या कविसंमेलनात आपलं नाव यादीच्या तळाशी जातं, आणि यादीचा तळ रात्री साडेबाराला येतो. तेव्हा आवड आधीच ठरवून ठेवावी. सोयीसाठी तिचे दोन भाग करावेत, लिहिण्याची आणि वाचण्याची. दोहोंचा एकमेकींशी संबंध असायलाच हवा असं नाही. आपल्याकडे तो सहसा नसतोच.

सुरुवात ओवीपासून आणि अंबाजोगाईपासून करावी, कारण दुसरीकडून केलेली अंबाजोगाईकर चालू देत नाहीत. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' ११८८ साली, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी, ओवीत लिहिला असं परंपरा सांगते. या काळाबद्दल, आणि ग्रंथातली अंबानगरी म्हणजे आपली अंबाजोगाई की विदर्भातलं अंभोरा याबद्दल, अभ्यासकांत वाद आहे. हा वाद माहीत जरूर असावा, गावात मात्र काढू नये. समाधी इथे आहे, विषय संपला.

ओवी आवडते असं जाहीर करण्याआधी दासोपंत (१५५१–१६१५) नजरेखालून घालावेत. निदान लांबून. त्यांच्या 'गीतार्णवा'त सव्वा लाख ओव्या असल्याचं सांगतात. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास आहेत. एवढ्यावरही हात थांबला नाही. पंतांनी कापड घेतलं आणि सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं, आकृत्यांसकट. त्यामुळे "कविता जरा लांबली" ही तक्रार आपल्या जिल्ह्यात ग्राह्य धरली जात नाही. सूत्रसंचालकाने आवरतं घ्या अशी चिठ्ठी पाठवली, तर तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचं कडवं उतरवून घ्यावं. 'गीतार्णव' आवडतो असं कुठेही बेधडक म्हणावं. उलटतपासणी घेणाऱ्यानेही तो वाचलेला नसतो.

बीड शहरातल्या होतकरूंनी अंबाजोगाईपुढे अगदीच हात टेकायचं कारण नाही. त्यांच्याकडे सतराव्या शतकातले 'रुक्मिणीस्वयंवर'कार विठ्ठल बीडकर आहेत. पंडिती वळणाचे. गाव थेट नावातच असल्यामुळे इथे अंभोऱ्याची भानगड उद्भवत नाही.

गझलेचं जरा जपून. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात काढल्यामुळे इथल्या श्रोत्यांचा कान उर्दूवर तयार झालेला आहे. नुसती यमकं जुळवून तिला गझल म्हटलं की मागच्या रांगेतून एखादे चाचा फक्त "अच्छा" म्हणतात, आणि त्या एका शब्दाने माणूस वर्षभर मुक्तछंदाकडे वळतो. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' खिशात ठेवावी. मतला, रदीफ, काफिया हे शब्द बोलताना सहज तोंडात येतील इतकी ती चाळावी. शिवाय प्रत्येक तालुक्यात मात्रा मोजणारे एक गृहस्थ असतात. ते पुढच्या खुर्चीवर बसतात आणि मांडीवर बोटं आपटतात. त्यांच्याकडे बघू नये. पहिली ओळ दोनदा म्हणावी. दाद मिळते आणि तोवर दुसरी आठवते.

चारोळी, हायकू, अष्टाक्षरी हे प्रकार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटासाठी राखून ठेवावेत. तिथे रोज सकाळी विषय मिळतो आणि रात्री प्रमाणपत्र.

आता वाचण्याची आवड. हे काम अवघड नाही, कारण त्यासाठी वाचावं लागत नाही. आपण जे लिहितो त्याहून वेगळा प्रकार सांगावा, म्हणजे तुलना टळते. १९८३ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन अंबाजोगाईला भरलं, तेव्हा अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. एवढी पद्याची गादी आणि तिच्यावर गद्याचा माणूस. या दाखल्याच्या आधारे "मी वाचतो ते गद्यच" असं सांगितलं तरी खपून जातं.

एका वर्गाला मात्र यातली कुठलीही सूचना लागू नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात त्याही आहेत. दळण सरेपर्यंत ओवी चालायची, जात्याच्या फेऱ्यावर ती तोलली जायची आणि समोर बसलेली दुसरी बाई ती उचलून पुढे न्यायची. यातल्या एकीलाही प्रकार कोणता म्हणून कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्यालाच जात्यावर बसवलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

राहिला मुक्तछंद. हा प्रकार निवडणाऱ्याने कोयत्यावर एक कविता लिहावीच लागते. तिच्याशिवाय जिल्ह्याबाहेर निमंत्रण येत नाही. लिहिण्याआधी उचल, मुकादम, टोळी, वाढे यांची माहिती करून घ्यावी, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हेही लक्षात ठेवावं, नाहीतर कवितेत नवरा एकटाच ऊस तोडत राहतो. वाचनाच्या वेळेची मात्र थोडी अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, आणि आपली कविसंमेलनं त्याच थंडीत भरतात. कोयत्याला टाळ्या पडत असतात तेव्हा कोयता बेळगावकडच्या फडात असतो. म्हणून ही कविता पहिल्यांदा वाचायची ती पट्टा पडल्यावर, टोळ्या गावी परतल्यावर वाचावी. तेव्हा कविसंमेलन भरवायला कुणी तयार होत नाही. मंडपवाला सांगतो, खुर्च्या लग्नाला गेल्यात.