पिवळ्या पट्ट्यातले सेल

दीड-दोनशे रुपयांच्या सेल टेस्टरवरचा हिरवा पट्टा कळतो, लालही कळतो. हिरवा म्हणजे वापरा, लाल म्हणजे टाका. मधला पिवळा म्हणजे काय? व्यवहारात त्याचा अर्थ एकच: परत ड्रॉवरमध्ये ठेवा. टीव्हीखालच्या त्या ड्रॉवरमध्ये कुलपाविना किल्ल्या असतात, रबर बँड असतात आणि पिवळे सेल असतात. हे सेल सेवेत नाहीत, निवृत्तही नाहीत. त्यांची चौकशी चालू आहे. रिमोट रुसला की त्यांना पुन्हा पाचारण होतं, काटा पुन्हा पिवळ्यात थांबतो आणि प्रकरण पुन्हा प्रलंबित राहतं. शिवाय काट्याच्या टेस्टरला स्वतःचा सेल नसतो. काटा हलवायची वीज तो समोरच्या सेलकडूनच घेतो, म्हणजे चौकशीचा खर्च आरोपीकडून वसूल. रक्कम नगण्य आहे, पण तत्त्वाचा प्रश्न आहे! खरं तर यंत्रातला शहाणपणाचा भाग नेमका हाच. थकलेल्या सेलला थोडी विश्रांती मिळाली की रिकाम्या मोजणीत त्याचे व्होल्ट चांगले दिसतात. काम सांगितलं की तो मान टाकतो. म्हणून मोजताना त्याच्यावर थोडा भार हवाच.

किती भार, ते मात्र यंत्र सांगत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला सरासरी एक मिलिअँपियरही लागत नाही. खेळण्यातल्या मोटारीला शेकडो लागतात. त्यामुळे जो पेन्सिल सेल मोटारीत मेलेला ठरतो, तोच घड्याळात महिनोन्महिने चालू शकतो. दोघांसाठी निकाल एकच, पिवळा. त्यात सेलच्या जातीही वेगळ्या. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टवरून हळूहळू उतरतो, आणि रंगांचे पट्टे त्याच्याच हिशोबाने आखलेले असतात. चार्ज करून वापरायच्या निकेलच्या सेलचा मुळात स्वभावच 1.2 व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेला असूनही तो पिवळ्याच्या उंबरठ्यावर घुटमळतो. उलट एकदाच वापरायचा लिथियमचा पेन्सिल सेल जवळजवळ शेवटपर्यंत दीडच्या आसपास टिकतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणजे पोटभर जेवलेला संशयित, आणि मरणपंथाला लागलेला हिरवा, निर्दोष.

यावर म्हणतात, दोनशे रुपयांत आणखी काय हवं? का हवं नसावं? थर्मामीटर याहून महाग नसतो, तरी तो 'बरा', 'बरासा', 'गेला' असे तीन पट्टे दाखवून मोकळा होत नाही. तो आकडा देतो. काय करायचं ते माणूस ठरवतो. इथे आकडा लपवायचा, भार लपवायचा, सेलची जात विचारायची नाही, आणि निकाल मात्र रंगीत द्यायचा! खोक्यावर 'अचूक' छापायला शाई असते. 'इतक्या मिलिअँपियरवर तपासतो' एवढी ओळ छापायला का नसते? ही स्वस्ताई नव्हे, ही बेफिकिरी आहे, आणि आपण पैसे मोजून ती विकत घेतो. मग डिजिटल घ्या, असा दुसरा सल्ला. त्यावर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसतात, म्हणून आदर वाटतो. पण तो भार न टाकताच मोजत असेल, तर 1.48 हा आकडा सेलच्या विश्रांतीचा आहे, ताकदीचा नाही. दोन दशांशांनी तो खरा होत नाही. फक्त त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं.

मग टेस्टर फेकून द्यावा का? मुळीच नाही. एकाच पाकिटातले, एकत्र वापरलेले सेल एकमेकांशी ताडून पाहायला तो उत्तम आहे. तीन सेलच्या टॉर्चमध्ये बहुधा एकच आधी बसतो, आणि आपण तिन्ही फेकतो किंवा तिन्ही तसेच ठेवतो. तसेच ठेवले तर उरलेले दोघे त्या मेलेल्यातून वीज रेटत राहतात, तो फुटून गळतो आणि आतल्या पितळी पट्टीवर हिरवा गंज चढतो. तो हिरवा मात्र पूर्ण विश्वासार्ह असतो.