चार इंचांची भानगड

"काय ओ, काल रात्री भाच्याचा फोन आलता म्हणं? एवढ्या मोठ्यानं बोलालता तुम्ही, आमच्या ह्यांची झोप मोडली की."

जुळे सोलापुरात दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी असते, पण ती फक्त बोकडांसाठी. आवाजाला तिची आडकाठी नाही. शेजारच्या काकूंना निम्मं आधीच कळलेलं असतं, उरलेलं काढून घ्यायला त्या शेंगाचटणीची वाटी घेऊन येतात.

सांगितलं. भाचा शारजात नोकरीला. तिथं त्यानं यामाहाची रॅप्टर 700 घेतली आहे, चार चाकांची, हँडलवाली. सुट्टीला दुबई-हत्ता रस्त्यावर अल बदायरला जातो. तिथल्या तांबड्या वाळूच्या मोठ्या टेकडीला सगळे 'बिग रेड'च म्हणतात. आता साहेबांना गाडीचा मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचा आस धरणारा चिमटा, लांबवायचा आहे. किती इंच घेऊ ते मिस्त्रीकाकांना विचार म्हणाला.

"पस्तिशीला आलाय की ओ तो! बार्शीच्या स्थळाचं काय झालं मग?"

"ते नाही बोलला."

"कसं बोलंल? गाडीला मागनं चार इंच वाढवायला येळ हाय, घरात माणूस वाढवायला नाही."

मागून काका आले. नव्या पेठेजवळ अर्धं आयुष्य टू-व्हीलरचं गॅरेज चालवलेला माणूस. आता गॅरेज बंद, पण प्रश्न गाडीचा आहे म्हटल्यावर चहाचा कप भिंतीवर ठेवूनच उभे राहिले.

"पुढची चाकं उचलालीत का त्याची?"

"हो. चढावर गॅस दिला की हँडल छातीवर येतंय म्हणाला."

"टायर पॅडलचे असणार."

होते. काका खूश झाले. मग भिंतीवर बोटानं रेघा ओढत सुरू. साधा टायर सुक्या वाळूत नुसता फिरतो, जोर फुकट जातो. पॅडल टायरवर आडव्या उंच रबरी पट्ट्या असतात, त्या वाळू धरून मागं फेकतात. एकदा पकड मिळाली की 686 सीसीच्या इंजिनाचा सगळा जोर मागच्या आसावर, आणि चढामुळं वजनही मागंच सरकलेलं. "बैलगाडी उलाळ झाली की जू कसं वर जातंय? तसंच. चिमटा लांब केला की मागचा आस मागं जातोय, मग गाडी उलथायला जास्त जोर लागतोय. एवढीच गोष्ट हाय."

"मग घालू दे की दहा इंच. एकदाच काय ती कटकट मिटंल," काकू म्हणाल्या. मलाही तेच वाटलं होतं, पण मी गप्प राहिलो.

"दहा इंच शर्यतीवाल्यांना. सरळ चढ, एकाच दमात वर, खेळ खलास. हा पोरगा दिवसभर टेकड्यांत फिरणार, वळणार, माथ्यावरनं पलीकडं उतरणार." मूळ रॅप्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 1280 मिलिमीटर. त्यात चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटर वाढले की चढावर फरक कळतो आणि वळणंही हातात राहतात. सहाच्या पुढं गेलं की गाडी धुरेजड. मागच्या चाकावरचं वजन कमी झालं की पॅडलला वाळूत रुतायला जोर उरत नाही, आणि वळायला मैदान लागतं. वाऱ्याच्या बाजूनं टेकडी सौम्य असते, पण पलीकडची बाजू 30 ते 34 अंशांत खाली जाते, सुकी वाळू त्याहून उभी राहतच नाही. त्या धारेवर लांब गाडीचं पोट टेकलं की चारी चाकं हवेत. "मग बसतोय रुमाल बांधून, दुसऱ्या कुणीतरी ओढंपर्यंत."

"ह्यांना बरं एवढं ठाऊक," काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या. "दिवसभर मोबाइलवर वाळूतल्या गाड्याच बघालेत. गिरणीतनं दळण आणा म्हटलं की गुडघा दुखतोय."

काकांनी ते ऐकलंच नाही. ते राजदूत 350 वर गेले होते. 1983 पासून एस्कॉर्ट्सनं काढलेली ती दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, पेट्रोल पिणारी, त्यांच्या गॅरेजात मानानं आत घेतली जायची. यामाहाची बॅन्शी तिचीच चुलत बहीण, तेच 347 सीसी, फक्त पाण्यानं थंड होणारी आणि चार चाकांवर बसवलेली. अमेरिकेत 1987 ते 2006 विकली गेली. वाळूवाल्यांची लाडकी, आणि चिमटे लांब करायचं वेड त्या मंडळींनीच वाढवलं, असं काकांचं मत. खरं-खोटं त्यांनाच माहीत, पण राजदूतचं नाव काढल्यावर त्यांच्याशी कोण वाद घालणार?

"बरं, चार इंच ठरलं. चिमटा बसवला की झालं ना?"

"झालं कसं? चेन?"

इथं काकांनी माझ्याच हातातला पेपर ओढून कडेला हिशेब मांडला. 520 नंबरची चेन, कडी 15.875 मिलिमीटरची. चिमटा चार इंच वाढला की चेन वरनंही चार, खालनंही चार, मिळून आठ इंच. साधारण तेरा कड्या. पण कड्या जोडीनं वाढतात, म्हणून चौदा, आणि उरलेली ढिलाई अ‍ॅडजस्टरवर काढायची. मागच्या ब्रेकचा पाइप लांब, पार्किंग ब्रेकची केबल लांब. आणि शॉकअप. त्याची जागा तीच राहिली आणि आस लांब गेला, म्हणजे स्प्रिंगवर भार वाढला. गाडी मागनं बसणार, खड्ड्यात ठोके खाणार. स्प्रिंग कडक पाहिजे. "आणि मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा कापून वेल्डिंग मारून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथनं पळ म्हणावं. तयार घे. सांधा टेकडीवर गेला तर गाडी नाही, माणूस गोळा करावा लागंल."

"तिकडच्या कोपऱ्यावरच्या पोरानं बुलेटला केलंय की, जाड टायरसाठी," मी म्हटलं.

"त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून दाखवा. कंपनीनं दिलेल्या गाडीत असा बदल चालत नाही. हा पोरगा निदान वाळूत फिरवालाय."

"त्या बुलेटवाल्याचं तर ठरलं बी," काकूंनी बातमी सोडली. "पंढरपूरची मुलगी. बँकेत हाय."

ही बातमी मला नवीन होती, काकांनाही. पाच मिनिटं चिमटा बाजूला राहिला. मग मी भाच्याला व्हॉइस मेसेज पाठवायला फोन काढला. काकांनी तोंडाजवळ धरून सांगितलं: चार इंच, चौदा कड्या, कडक स्प्रिंग, ब्रेकचा पाइप विसरायचा नाही, कोकणात नागावच्या ओल्या किनाऱ्यावर फिरवायची असती तर यातलं काहीच लागलं नसतं. मी बटण सोडणार तेवढ्यात काकूंनी फोन ओढला.

"आणि ऐक, बार्शीवाल्यांनी पत्रिका मागितलीय. मुलगी इंजिनिअर हाय, तुझ्या चेनच्या कड्या तीच मोजंल."

मेसेज गेला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर काही आलं नाही.

"चार इंच ऐकून गप्प बसला, त्याला सहा पाहिजे होते," काका म्हणाले.

"गप्प बसला ते चार इंचानं नाही," काकू म्हणाल्या, आणि वाटी परत मागितली.