राजाचे पाय

मुलगी दहावीला गेली आणि आमच्या घरात अंकगणिती श्रेढी शिरली. सूत्रं तिला तोंडपाठ. मला मात्र शाब्दिक उदाहरण दिसलं की आधी त्यातल्या माणसाची काळजी वाटू लागते. जुनं दुखणं आहे. शाळेत असताना याच्यापायी बरेच मार्क गेले.

परवाचंच घ्या. एका गृहस्थाने 1 जानेवारीला डब्यात 10 रुपये टाकले, दुसऱ्या दिवशी 11, तिसऱ्या दिवशी 12. तर 365 दिवसांत किती साठले? "पहिलं पद दहा, फरक एक," असं पुटपुटत तिने 70,080 काढूनसुद्धा टाकले. मी अजून शेवटच्या दिवसापाशीच.

"अगं, हा 31 डिसेंबरला 374 रुपये टाकतोय! त्या रात्री पैसे खिशातून निघतात, डब्यात जात नाहीत. बरं, गणपतीतही एक खाडा नाही?"

"बाबा, त्याच्या स्वभावाला मार्क नाहीयेत."

बापाचा आब राखायचा तर आता मोठं नाव काढणं भाग होतं. मी भास्कराचार्यांना पुढे केलं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, म्हणजे तसे घरचेच. त्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहारावर आख्खं प्रकरण आहे. त्यात एक राजा शत्रूचे हत्ती धरायला निघतो. पहिल्या दिवशी 2 योजनं चालतो, मग रोज सारखीच वाढ करत सात दिवसांत 80 योजनांवरचं शत्रूचं नगर गाठतो. तर रोजची वाढ किती?

रद्दीतल्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही बसलो. रोज दोनच योजनं चालला असता तर 14 झाली असती, उरली 66. पहिल्या दिवशी वाढ नाही, मग एकपट, दुप्पट करत सातव्या दिवशी सहापट. सगळी मिळून 21 पट. 66 भागिले 21, म्हणजे 22/7.

मुलगी पुढच्या गणिताकडे वळली, पण मला राहवेना. 'लीलावती'तलं योजन चार कोसांचं. पहिल्या दिवशी 8 कोस, ठीक आहे. सातव्या दिवशी? 83 कोसांच्याही वर! जवळजवळ 300 किलोमीटर, तेही एका दिवसात, सैन्यासकट! एवढं चालून आलेल्या माणसाने हत्ती कशाला धरावा, खाट धरावी.

तिने मात्र उत्तरावर बोट ठेवलं. "बाबा, 22/7 म्हणजे पाय ना?"

"पायच. त्यांचे काय हाल झाले असतील बघ."

"मग 3.14 लिहू?"

"मुळीच नको. 3.14 धरलंस तर सात दिवसांत 79.94 योजनंच होतात. राजा पाव कोस अलीकडे राहतो, आणि हत्ती नगरात."