जमीन बाईंची, हौस साहेबांची

थायलंडच्या इसान भागात, भातखाचरांच्या मधोमध, निवृत्त युरोपीय साहेब हौसेनं बंगला बांधतात. परदेशी माणसाच्या नावावर जमीन करायला थाई कायदा सहसा तयार नसतो. म्हणून सातबारा घरच्या थाई बाईंचा, सिमेंटची बिलं साहेबांची. निवृत्त म्हणून राहायचं तर वय ५० आणि बँकेत ८ लाख बाट हवेत. थाई बाईशी लग्न केलं असेल तर ४ लाखांत भागतं. संसाराला सरकारनं दिलेली ही सरळ निम्मी सूट! शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, जामिनावर सुटलेल्या आरोपीसारखा. एवढं उरकलं की साहेब निवांत. मग व्हरांड्यात थंड बिअर आणि सोबतच्या साहेबांशी गंभीर चर्चा: आपल्या देशात हल्ली बाहेरचे लोक फार घुसलेत.