सवलत हवी, वय नको

जून महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात केक नेहमीच्या दुप्पट आकाराचा आणावा लागतो. आमचा संघ मुलुंड पूर्वेचा, पण बोरिवली-घाटकोपरच्या संघांतही फार निराळं चित्र नसावं. महिन्याच्या सभेत त्या त्या महिन्यात जन्मलेल्या सभासदांना पुढे बोलावून गुलाबाचं फूल द्यायची पद्धत आहे. एरवी चार-पाच जण उठतात. जूनमध्ये निम्मी सभा उठते, कारण निम्म्या सभेचा जन्म एक जूनचा. खरा नव्हे, शाळेतला. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर जन्मतारीख विचारायचे, आईबाप ‘पेरण्या आटपल्या होत्या’ असं काहीतरी सांगायचे आणि मास्तर शांतपणे एक जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्येच सुरू होत असल्याने हिशेबही सोपा. आमच्यातले एक मावळातले गृहस्थ पानशेत फुटलं त्या 1961 सालच्या श्रावणातले. त्यांच्या आईला तेवढी खूण पक्की होती. कागदोपत्री मात्र ते पुराच्या महिनाभर आधीच जन्मून बसले आहेत.

सरकारी नोकरीत ज्याची जन्मतारीख महिन्याची एक, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे दर 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची झुंबड उडते. हार, नारळ, शाल, आणि ‘सरांची उणीव भासेल’ हे वाक्य एकाच दुपारी चार टेबलांवर. मास्तरांच्या टाकाच्या एका फटकाऱ्याने कुणाची नोकरी वाढली, कुणाची घटली. पण या माणसांचा एक फायदा मी पाहिला आहे. ती साठीला फारशी हळवी होत नाहीत. ज्या दिवशी आपण जन्मलोच नाही, त्या दिवशी साठ पूर्ण झाल्याचं दुःख किती करणार?

माझी जन्मतारीख खरी आहे, त्यामुळे मला ही पळवाट नाही. शिवाय माझा जन्म बँकेच्या खिडकीमागे गेला. साठी म्हणजे काय हे मी पोथ्यांतून नव्हे, मुदत ठेवींच्या फॉर्मांवरून शिकले. ज्येष्ठ नागरिकाला व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं. या अर्ध्या टक्क्याची ताकद अफाट आहे. शेजारणीलाही ज्यांनी आपलं वय कधी कळू दिलं नव्हतं, त्या बायका साठाव्या वाढदिवशी सकाळी दहा वाजता, शटर पुरतं वर जाण्याआधी, आधार कार्ड हातात घेऊन उभ्या असत. नवी साडी, केसात गजरा, आणि पहिला प्रश्न, ‘आजपासून धरणार ना?’ काही जण आठवडाभर आधी येऊन, जुनी ठेव मोडून साठीच्या दिवशी नव्याने ठेवली तर किती फरक पडेल ते विचारून जात. त्या फॉर्मवर ‘ज्येष्ठ नागरिक’ या चौकोनात खूण करताना एकाचाही हात थरथरलेला मी पाहिला नाही. तोच माणूस बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याने ‘बाबा’ म्हटलं की दुखावतो.

म्हणजे वय वाढल्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. ते कोण सांगतंय, यावर सगळं अवलंबून आहे.

सांगणाऱ्यांचं आपसात एकमत असतं तरी बरं होतं. राज्य सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना 58व्या वर्षी घरी पाठवतं, केंद्र सरकार साठाव्या. बँक आणि पोस्ट साठीला हात जोडून स्वागत करतात. एसटीला मात्र साठीचा माणूस तरुण वाटतो. तिथे अर्ध्या तिकिटासाठी 65 व्हावं लागतं. दहिसर-अंधेरीच्या मेट्रोचंही तसंच. 1 मे 2023 पासून तिथे पासावर 25 टक्के सूट मिळते, तीही 65च्या पुढच्यांना. आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न विचारता मिळतं, पण सत्तरीला. ऐंशी झाले की आयकर खातं ‘अति ज्येष्ठ’ म्हणतं. रेल्वेने तर कमाल केली होती. लांबच्या गाड्यांना पुरुषांना साठीला 40 टक्के आणि बायकांना 58व्या वर्षीच 50 टक्के सवलत होती. म्हणजे रेल्वेच्या लेखी आम्ही दोन वर्षं आधी म्हाताऱ्या. मार्च 2020 मध्ये ती सवलत गेली, आणि संघाच्या सभेत आम्ही तिच्यावर जेवढ्या बोललो तेवढ्या म्हातारपणावर कधी बोललो नव्हतो.

एसटीच्या बाबतीत बायकांचं एक भलं झालं आहे. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून कोकणात जाणारी बाई आता वयाचा पुरावा न दाखवता अर्ध्यात जाते. वीस वर्षांची असो वा सत्तरची, कंडक्टरला चौकशीचं कारणच उरलेलं नाही. अडचण पंच्याहत्तरीची. 75 पूर्ण झाले की एसटी राज्यभर फुकट, ही योजना ऑगस्ट 2022 मध्ये आली. तेव्हा अर्धं तिकीट काढून मान राखायचा की आधार कार्ड दाखवून पैसे वाचवायचे, हा प्रश्न आमच्या एका मैत्रिणीला गेल्या गणपतीत पडला. तिने पैसे वाचवले. मात्र कार्ड दाखवताना जन्मसालावर अंगठा होता, आणि कंडक्टरने तो बाजूला करायला लावला.

लोकलमध्ये कागद लागत नाही, चेहरा पुरतो. लेडीज डब्यात बाईला आधी ‘ताई’ म्हणतात, मग ‘काकू’ किंवा अंधेरीकडे ‘आंटी’, मग ‘मावशी’. या पायऱ्या इतक्या सावकाश येतात की कळतही नाहीत. मग एका संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोचा सगळा लोंढा आत शिरतो आणि कानात वायर घातलेली एक मुलगी उठून म्हणते, ‘आजी, बसा.’ मला राग आला. बसले मात्र लगेच.

स्टेशनावरचं वय मोजायची माझी स्वतःची रीत आहे. पंचविशीत मुलुंडची माणसं फास्टच्या मागे धावतात. चाळिशी-पन्नाशीत इंडिकेटरकडे बघून ‘मागून दुसरी आहेच’ म्हणतात. साठीत ठाण्याहून सुटणारी स्लो धरतात, कारण ती एकच स्टेशन मागून येते आणि खिडकी मिळण्याची आशा असते. बोरिवलीकरांना हे सुख घरच्या प्लॅटफॉर्मवरच मिळतं. माणसाने सरकता जिना बंद आहे की चालू, याची चौकशी खालूनच सुरू केली, की त्याला जन्मतारीख विचारू नये.

आपल्या जुन्या लोकांनी या सगळ्याचा विचार आधीच करून ठेवला आहे, आणि तो बऱ्यापैकी भीतिदायक आहे. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एक वयोवस्था शांत सांगितली आहे. पन्नासची वैष्णवी आणि पंचावन्नची वारुणी ऐकायला सौम्य. साठीला एकदम उग्ररथ शांत येते. निवृत्त होऊन दिवसभर घरात बसलेल्या नवऱ्याला पाहिलं की हे नाव ठेवणारा ऋषी संसारी असावा असं वाटतं. सत्तरीची भैमरथी, पुढे पंच्याऐंशीची रौद्री. साठीला महत्त्व येण्याचं कारण मात्र सुरेख आहे. संवत्सरांची नावं साठ. आपण जन्मलो त्या नावाचं संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणजे हिशेब नव्याने सुरू. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्याने हे पंचांग पाहिलेलं दिसत नाही.

सर्वांत आवडता सोहळा सहस्रचंद्रदर्शनाचा. हजार पौर्णिमा व्हायला गणिताने साधारण 80 वर्षं आणि 10 महिने लागतात. मला यात मुंबईकरांवर अन्याय दिसतो. जून ते सप्टेंबर इथे आभाळ झाकलेलं. वटपौर्णिमेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत चंद्र कुणी नीट पाहिला असेल तर त्याने हात वर करावा. वर्षाला तीन पौर्णिमा पावसात गेल्या असं धरलं तर हजार पुरे व्हायला 106-107 वर्षं लागतील. उरलेल्या रात्री टॉवर आडवे येतात, ते मी मोजलेलेच नाहीत. हा हिशेब मी एका गुरुजींना सांगितला. ते म्हणाले, ‘दर्शन म्हणजे चंद्र होता, एवढं पुरे.’ मुंबईत जागेपासून पाण्यापर्यंत आपण असंच समाधान मानतो, तेव्हा मी गप्प बसले.

वाढत्या वयावर उपनगराने जगाला दिलेला खरा उपाय मात्र शांतीचा नाही, आवाजाचा आहे. 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. पहिल्यांदा मंडळी गोल उभी राहून विनोद सांगत आणि हसत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि उरलेल्यांवर बायका नाराज होऊ लागल्या. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. विनाकारण हसायचं, शरीराला खऱ्या-खोट्या हसण्यातला फरक कळत नाही, या विचारावर पुढे देशोदेशी क्लब निघाले. सकाळी कुठल्याही उद्यानात गेलात तर दोन्ही हात वर करून ‘हो हो, हा हा हा’ करणारी साठीपुढची मंडळी भेटतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वेडी वाटतात. पण वाढदिवसाला दोनशे शुभेच्छांचे मेसेज वाचण्यापेक्षा या गोलात दहा मिनिटं उभं राहणं मला जास्त मानवतं. तिथे तुमचं वय कोण विचारतो? सगळे हसण्यात गुंतलेले असतात.

आमच्या इमारतीचंही वय झालं आहे, तेही इथेच सांगते. मुंबईत तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावंच लागतं. माणसाला पन्नाशीत मुलं बळेच फुल बॉडी चेकअपला नेतात, तसंच हे. अहवालही तसाच येतो, ‘तूर्त काळजी नको, पण गळतीकडे लक्ष द्या.’ गिरगाव-परळच्या चाळी सोडून नवी लग्नं झालेली जोडपी इथे आली तेव्हा इमारतही नवी होती. दोघं बरोबरीने वाढली. आता पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस जिम, टेरेस गार्डन आणि मुलांची खेळायची जागा दाखवतो. मागच्या रांगेतून एकच प्रश्न येतो, ‘ताबा कधी?’ तो चार वर्षं म्हणाला की सभागृहात प्रत्येक जण आपल्या वयात चार मिळवतो. मी चेहरे पाहिले आहेत. ही बेरीज मेणबत्त्या फुंकताना कुणी करत नाही. खरा टप्प्याचा वाढदिवस मला त्या सभेत दिसला. गंमत अशी की सर्वांत आधी सही केली ती 84 वर्षांच्या आजोबांनी. ‘लिफ्ट मोठी आहे ना? मग झालं,’ म्हणाले.

ज्यांना 58 हा पूर्णविराम वाटतो त्यांच्यासाठी एक नाव पुरेसं आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858चा. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, म्हणजे राज्य सरकारने ज्या वयात नारळ हातात दिला असता त्या वयात. सत्तरी उलटल्यावर, 1929 मध्ये ते परदेशदौऱ्यावर निघाले. 1958 मध्ये शंभरी भरली तेव्हा भारतरत्न मिळालं आणि त्यानंतरही ते चार वर्षं होते. त्यांच्या विद्यापीठाचं एक संकुल जुहूला आहे, अंधेरीहून रिक्षाने जाण्याजोगं. आपण सगळे कर्वे नाही, हे मला ठाऊक आहे. माझा मुद्दा फक्त आकड्याचा आहे. आणि आकड्यांचंच म्हणाल तर केंद्राच्या निवृत्तिवेतनात ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ रकमेवर 20 टक्के जादा मिळतात, शंभर पूर्ण झाल्यावर शंभर टक्के, म्हणजे दुप्पट. सरकारने दीर्घायुष्याला याहून प्रामाणिक शुभेच्छा कधी दिलेल्या नाहीत. बदल्यात दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही समोर उभे असलात तरी कागद लागतो, किंवा हल्ली मोबाइलसमोर डोळे मिचकावावे लागतात.

आता तरुण वाचकांना एक विनंती. आईवडिलांची साठी, पंच्याहत्तरी थाटात करायची इच्छा चांगली आहे. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळा, फोटोंची फिल्म दाखवा, तुला करायची तर गुळाची किंवा पुस्तकांची करा. पण हॉल ठरवण्याआधी उत्सवमूर्तीला विचारा. बऱ्याच जणांना दोनशे माणसांपेक्षा जुन्या चाळीतली सहा माणसं आणि त्यांच्यासोबत निवांत जेवण हवं असतं, पण मुलांचा हिरमोड नको म्हणून ते शाल पांघरून तीन तास खुर्चीत बसतात. कार्यक्रम साडेआठच्या आत संपवा, त्यांच्या गोळ्यांची वेळ असते. आणि भाषण करायचंच असेल तर त्यात ‘या वयातही’ म्हणू नका.